उपचार संपले, माणसं पांगली

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आखडतं घेऊन:

"ताई, मी ४९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. ते संपून वर्ष उलटलं. आता आजार परत येऊ नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी तेवढी चालू आहे. उपचार चालू होते तेव्हा घरात माणसांची रीघ होती. आता कुणाचाच फोन येत नाही. मी केला तर 'अगं, किती फ्रेश दिसतेस' म्हणतात आणि विषय बदलतात. नवरा चांगला आहे, त्याने खूप केलं. पण हल्ली म्हणतो, 'झालं ना आता सगळं, किती दिवस तेच तेच?' म्हणून एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गेले. तिथे कुणाचा परत आला, कुणी गेलं, हेच दिवसरात्र. झोप उडाली, ग्रुप सोडला. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर एक जण असायची. आमचं फार छान जमलं होतं, हसून हसून नर्स ओरडायच्या. तीन महिन्यांपूर्वी कळलं की तिचा हाडांमध्ये पसरलाय. तेव्हापासून मी तिचा फोन उचललेला नाही. स्वतःची लाज वाटते. मला सहानुभूती नको आहे. एक साधी मैत्रीण हवी आहे, जिच्याशी कॅन्सरबद्दलही बोलता येईल आणि बाकी कशाबद्दलही. हे मागणं जास्त आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात चार-पाच गोष्टी आहेत. त्यातली एकच अशी आहे की जी पुढे ढकलता येणार नाही. केमोच्या त्या मैत्रिणीला फोन करा.

तीन महिने फोन उचलला नाही, आता कुठल्या तोंडाने करू, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ते वाचता आलं. आहे त्याच तोंडाने करा. कारणं मात्र रचू नका. कामात होते, फोन बिघडला होता, घरी पाहुणे होते, असलं काही नको. तिने तुमच्याबरोबर त्या खुर्चीत तासन् तास काढलेत, तुमचा आवाज बदलला की तिला कळेल. "तुझी बातमी ऐकली आणि मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरले आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. म्हणून तोंड लपवलं. चुकलं माझं. आता बोलशील का?" एवढं पुरे आहे. बोलताना रडू येईल असं वाटत असेल तर आधी मेसेज पाठवा, पण मेसेजवरच भागवू नका.

ती रागावेल का? रागावू शकते. तो तिचा हक्क आहे, ऐकून घ्या. पण बहुतेक तिला कारण आधीच माहीत असेल. ज्यांचा आजार परत येतो किंवा पसरतो, त्या बायकांना एक गोष्ट फार लवकर कळते: शेजारीपाजारी, नातेवाईक येत राहतात, गायब होतात त्या बरोबर उपचार घेतलेल्या मैत्रिणी. 'बऱ्या झालेल्यां'च्या घोळक्यात यांनी तोंड उघडलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, म्हणून त्या गप्प बसायला शिकतात. आजारापेक्षा हे गप्प बसणं जास्त खातं, असं मी एकीकडून नाही, अनेकींकडून ऐकलं आहे.

आणि ती काही उद्या जाणार नाहीये. हाडांमध्ये पसरलेला स्तनाचा कॅन्सर मुळापासून जात नाही हे खरं, पण औषधांवर वर्षानुवर्षं संसार, नोकरी, भांडणं सगळं करणाऱ्या बायका आहेत. तुम्ही मात्र तिचा मनातल्या मनात निरोप घेऊन बसला आहात. तुमच्या भीतीबद्दलही एक सांगते. तिचा पसरला म्हणून तुमचा पसरेल, असा हिशेब यात नसतो. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी, होती की नाही, हर-टू या गाठीतल्या प्रथिनाचा रिपोर्ट काय होता, काखेतल्या किती गाठींत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, यावर प्रत्येकीचं गणित वेगळं होतं. एकाच दिवशी, शेजारच्या खुर्चीत, एकाच रंगाची सलाईन घेतली तरी आजार एक होत नाही. तुमचं गणित तुमच्या डॉक्टरांना विचारा, सरळ विचारा. ते तिच्या रिपोर्टात शोधू नका.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मागणं अजिबात जास्त नाही. कॅन्सरबद्दल बोलता येईल आणि बाकी कशाबद्दलही, हसून हसून नर्सची बोलणी खाता येतील अशी मैत्रीण तुम्हाला हवी आहे, आणि तिचं वर्णन तुम्ही स्वतःच लिहून पाठवलं आहे. फक्त एक पथ्य पाळा. आजार परत येण्याची तुमची जी भीती आहे, ती तिच्यापुढे मोकळी करू नका. तिच्याशी सिनेमा, भाऊबंदकी, केस परत आले ते कुरळेच का आले, काहीही बोला. तिला स्कॅनबद्दल बोलायचं असेल तर ऐका. तुमच्या भीतीसाठी मात्र दुसरे कान हवेत, आणि म्हणून ती एकटी पुरणार नाही.

ते दुसरे कान कुठे मिळतील? काही तुमच्याकडे होतेच. ते पांगले, कारण लोकांना आजार डोळ्यांनी दिसतो तोवरच कळतो. टक्कल दिसतं, सलाईन दिसते. केस आले, रंग परतला, की बघणाऱ्यापुरतं संपलं. तुमच्यापुरतं ते कसं संपेल? टॅमॉक्सिफेन साधारण पाच वर्षं घ्यावी लागते, काहींना दहा. त्या गोळीने अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री घामाने जाग येते. केमोनंतरचा थकवा काहींना महिनोन् महिने सोडत नाही, शब्द ऐन वेळी आठवत नाहीत, काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येण्याची टांगती तलवार असते, आणि वर्षाची मॅमोग्राफी जवळ आली की पोटात गोळा. फिट्झह्यू मुलन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला ऐन तारुण्यात कॅन्सर झाला होता. त्याने १९८५ साली लिहिलं की उपचार संपल्यानंतरचा काळ हा आजाराचाच एक स्वतंत्र टप्पा आहे आणि वैद्यकशास्त्राने त्याकडे पाठ फिरवली आहे. डॉक्टरांना हे सांगायलाही एक डॉक्टर आजारी पडावा लागला. मग तुमच्या मैत्रिणींनी आपण होऊन ओळखावं, ही अपेक्षा जरा जास्त होते.

त्यांना सांगावं लागेल, आणि नेमकं सांगावं लागेल. "मला आधार हवाय" म्हटलं की समोरचा माणूस दचकतो, कारण त्याने नक्की काय करायचं ते त्याला कळत नाही. त्याऐवजी असं म्हणून बघा: "पुढच्या आठवड्यात मॅमोग्राफी आहे. रिपोर्ट येईपर्यंत मला रोज संध्याकाळी एक फोन कर. कॅन्सरबद्दल विचारू नकोस, ऑफिसात कोण कुणाशी भांडलं ते सांग." हे कुणीही करू शकतं आणि आनंदाने करतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला थोडी टोचेल. या दोन वर्षांत तुमच्या मैत्रिणींनी तुम्हाला त्यांचं काही सांगितलं आहे का? आठवून बघा. माझा अंदाज असा की त्यांनी सगळं गिळलं. कुणाची आई आजारी पडली, कुणाचं नवऱ्याशी बिनसलं, कुणाची नोकरी गेली; पण 'हिच्या डोक्याला आधीच ताप आहे, आणखी कशाला' म्हणून बोलल्या नाहीत. दोन वर्षं त्या भेटायला येणाऱ्या आणि तुम्ही भेट घेणाऱ्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण मैत्री अशी एका अंगाने चालत नाही. येणाऱ्याला येण्याचं कारण उरलं नाही, की येणं थांबतं. तेव्हा पुढचा फोन कराल तेव्हा तब्येतीचा विषय दोन वाक्यांत संपवा आणि विचारा, "तुझं काय चाललंय? खरं सांग, मला आता ऐकायची ताकद आहे." मग गप्प बसून ऐका. तुम्हाला पुन्हा कुणीतरी आपलं दुखणं सांगतंय, सल्ला मागतंय, तुमच्यावर चिडतंय, असं झालं की समजा गाडी रुळावर येतेय. सगळ्याच परत येणार नाहीत. एखादी कायमचीच गेलेली असेल. तिच्यामागे धावू नका.

आता ग्रुपबद्दल. तुम्ही जो सोडला तो सोडलात ते बरं केलंत. रात्री दोन वाजता उशाशी 'अमकी गेली' असा मेसेज वाजत असेल, तर त्याला आधारगट म्हणवत नाही. पण एकावरून सगळ्यांवर फुली मारू नका. जिथे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला माणसं समोरासमोर बसतात, कुणीतरी अनुभवी किंवा प्रशिक्षित व्यक्ती बोलणं सांभाळते आणि वेळ संपली की बैठक संपते, तो प्रकार वेगळा असतो. पसरलेल्या आजाराच्या बायकांसाठी वेगळी बैठक आहे का, हेही विचारा. असेल तर दोन्हीकडच्यांना मोकळं बोलता येतं. तुमच्या रुग्णालयातल्या समुपदेशकांना किंवा केमोच्या नर्सला असे गट माहीत असतात. दोन-तीनदा जाऊन बघा, नाही जमलं तर दुसरा शोधा.

मात्र तिथे आयुष्य वाढवायला म्हणून जाऊ नका. १९८९ साली अमेरिकेतल्या डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञाच्या एका अभ्यासाने खळबळ उडवली होती: पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका दर आठवड्याला गटात बसून बोलत होत्या, त्या जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. पुढे कॅनडात २३५ बायकांवर जास्त मोठा अभ्यास झाला, २००१ साली त्याचे निष्कर्ष आले. आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, आणि ज्यांचं मन आधीच जास्त खचलं होतं त्यांना फायदा जास्त झाला. मला विचाराल तर हे उत्तर पहिल्यापेक्षा बरं आहे. कारण पहिलं खरं ठरलं असतं, तर ज्या गेल्या त्या 'पुरेशा बोलल्या नाहीत' म्हणून गेल्या, असं म्हणायला लोक मोकळे झाले असते. 'पॉझिटिव्ह राहा म्हणजे सगळं बरं होतं' म्हणणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण संपादकांना ते छापवणार नाही.

गटात काय मिळतं याचं एक उदाहरण देते. मी बसले होते त्या बैठकीचा विषय होता 'भीतीशी सामना'. तासभर कुणी फारसं बोललं नाही, दोघी-तिघींनी मान डोलावली. बैठक संपली, निघता निघता दाराशी एकीने दुसरीला विचारलं, "तुझी स्लीव्ह कोपरात काचत नाही का?" हाताची सूज आटोक्यात ठेवायला घालतात ती घट्ट स्लीव्ह. दुसरीने पर्स खाली ठेवली, त्यातून भांडी घासताना घालतात तसले रबरी हातमोजे काढले. "हे घालून चढव. नुसत्या बोटांनी ओढलंस की एकाच जागी गोळा होते. आणि सकाळी उठल्या उठल्या घाल, सूज चढायच्या आत." तिथेच उभ्या उभ्या हात पुढे करून तिने दाखवलं, तळव्याने कापड हळूहळू वर सारत. पहिलीने तिच्या हातून मोजे घेऊन स्वतः करून बघितलं. मग विषय कापडाच्या रंगावरून ब्लाउजच्या बाह्यांवर गेला, तिथून शिंप्यांवर, तिथून दुसरीच्या मुलीच्या लग्नावर, आणि वॉचमन दिवे घालवायला आला तरी दोघी दारातच. तासभरात जे झालं नाही ते दाराशी झालं. म्हणून गटात जाल तेव्हा संपल्यावर लगेच निघू नका.

हे असलं बारीकसारीक ज्ञान डॉक्टरांकडे नसतं, आणि ते एका बाईकडून दुसरीकडे जावं याची सुरुवातही एका चिडलेल्या बाईनेच केली. १९५२ साली अमेरिकेत टेरेसे लासर यांचा स्तन काढला. घरी कसं वागायचं, हात कसा हलवायचा, कपड्यांत काय भरायचं, कुणी काही सांगेना. त्या बऱ्या झाल्या आणि नव्याने ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला थेट रुग्णालयात जाऊ लागल्या, बरोबर तात्पुरतं पॅड आणि हाताचे व्यायाम घेऊन. कित्येक सर्जनना ही लुडबुड वाटली. पण त्यांचा 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतला आणि पुढे तो अनेक देशांत पोचला.

तुम्हाला हे सांगण्यामागे माझा डाव आहे. जिला या आठवड्यात निदान झालं आहे तिच्या दृष्टीने तुम्ही मोठ्या अधिकारी व्यक्ती आहात. पहिल्या केमोला काय घालून जायचं, तोंड आलं की काय करायचं, ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी जमा होतं ती ड्रेनची पिशवी घेऊन झोपायचं कसं, हे तुम्हाला येतं. झोप जरा ताळ्यावर आली की नर्सला सांगून ठेवा, "कुणाला बोलायचं असेल तर माझा नंबर द्या." एका वेळी एकच जण, आणि औषधांबद्दल सल्ला द्यायचा नाही, एवढं सांभाळा. दोन वर्षं घेणाऱ्याच्या जागेवर बसून माणूस आतून आकसतो. देणाऱ्याच्या खुर्चीत बसलात की पाठ आपोआप ताठ होते.

आणि कॅन्सरचा विषयच नसलेली एखादी जागाही शोधा. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक तज्ज्ञाने स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटीत वल्हवायला बसवलं. तेव्हा डॉक्टर सांगत, अशा बायकांनी हाताला ताण देऊ नये, सूज येईल. त्याने आधी नीट तयारी करून घेतली, मग वल्ही दिली, आणि सूज काही आली नाही. आज अनेक देशांत असे संघ आहेत. मला त्यात वैद्यकशास्त्राइतकीच बसण्याची पद्धत आवडते. बोटीत सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसतात, शेजारी शेजारी. एकमेकींच्या डोळ्यांत बघून दुःख सांगायची सक्ती नाही. हात चालू असले की बोलणं आपसूक निघतं, नाही निघालं तरी चालतं. तुम्हाला बोट शोधायला सांगत नाही. चालायला जाणं, गाण्याचा क्लास, पोहणं, कुठलीतरी भाषा शिकणं, काहीही चालेल. वार आणि वेळ ठरलेली हवी आणि माणसं तीच हवीत, कारण मैत्री एकदा कडकडून भेटण्यापेक्षा वारंवार साधंसुधं भेटण्यातून होते. पहिल्याच दिवशी 'मला कॅन्सर झाला होता' सांगायची गरज नाही. लपवायचीही नाही. विषय निघेल तेव्हा दोन वाक्यांत सांगा. आणि थकवा आला त्या दिवशी कारण न देता "आज नाही येत" म्हणायची सवय आत्तापासूनच लावा.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. 'झालं ना सगळं' हे बहुतेक वेळा 'मला आणखी सोसवत नाही' याचं रूप असतं. त्यानेही दोन वर्षं भीती दाबून धरली आहे, आणि त्याला तर कुणी ग्रुपही दिला नाही. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर न्या आणि गोळी किती वर्षं, त्रास कुठले, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलेलं तक्रार वाटतं, डॉक्टरांनी सांगितलेलं माहिती वाटते. अन्याय आहे, पण उपयोग होतो. त्यापलीकडे प्रत्येक भीती त्यालाच सांगायचा आग्रह सोडा.

दोन गोष्टी मैत्रिणींवर सोपवू नका. पहिली, औषध. कुणीतरी भेटेलच जी म्हणेल, "मी गोळी बंद केली, कसं मस्त वाटतंय." तिला वाटत असेलही. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्रास कमी करायचे उपाय असतात, कधी गोळी बदलताही येते. हाताला अचानक सूज, लाली, ताप, नवी गाठ, किंवा न थांबणारं हाडांचं दुखणं, खोकला, धाप यांपैकी काही झालं तर आधी डॉक्टर, मग गप्पा.

दुसरी, तुमची झोप. ग्रुप सोडूनही ती परत आलेली नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, सतत उदास वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जाताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या: 'टॅमॉक्सिफेन चालू आहे'. नैराश्यावरची काही औषधं, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि फ्लूओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे काम चालतं त्यात अडथळा आणतात. त्यांच्याऐवजी दुसरी चालणारी औषधं आहेत, त्यातली काही तर अंगातून येणाऱ्या वाफाही कमी करतात. एकच करा, नवं औषध सुरू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तुमची,
ताई